सैल केलेली शाई

मी कलाशिक्षिका आहे, आणि शाईचा विषय निघाला की माझ्या अंगात येतं. पाण्याच्या शाईला मी नाक मुरडते. त्यामुळे आमच्या गल्लीतले कृष्णातमामा लेकीच्या लग्नपत्रिकेसाठी कोरलेला ठसा घेऊन आले आणि ‘पाण्याची शाई लवकर वाळती म्हनं, बाई?’ असं म्हणाले, तेव्हा मी चांगला अर्धा तास अक्कल पाजळली. तेलाच्या शाईचा गडद काळा रंग, तिच्यात उठून दिसणारी बारीक रेघ, सगळं ऐकवलं.

मामा शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं लाकडी पॅटर्न करतात. लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा नमुना लाकडात घडवायचा, आणि त्यात केसाएवढाही फरक चालत नाही. त्याच हातानं त्यांनी लेकीसाठी, स्वप्नालीसाठी सागवानात घोड्यावरचा जोतिबा कोरला होता. लगामाची शिवणसुद्धा दिसत होती.

थंडीनं डब्यातली शाई घट्ट झाली होती आणि मला पत्रिका दोनशे छापायच्या होत्या. चार-पाच कच्च्या प्रती काढल्या तोवरच माझा खांदा भरून आला. अशा वेळी शाई काचेवर पात्यानं घोटत बसायचं, ती मऊ होते. वर्गात मी हेच शिकवते. जवसाचं तेल ओतलं म्हणून मुलींवर ओरडतेही. घरी कुणी बघत नव्हतं, म्हणून मी ओतलं. थेंबभर नाही, चांगले दोन चमचे. ठशावर शाईचा रूळ सरसर फिरायला लागला. रेघा बुजतायत हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, दिसत होतं.

पहिली पत्रिका देवाला. पाच दिवसांनी आम्ही जोतिबाला गेलो, मामांचे व्याही हंबीररावही होते. पत्रिका देवाच्या पायाशी ठेवून तिच्यावर गुलाल टाकला गेला. जादा तेलानं शाई अजून ओलीच होती. गुलाल चिकटला तो चिकटलाच. पत्रिका परत हातात आली तेव्हा तिच्यावर नुसता लाल-काळा लगदा होता.

‘आनि देव कुटं हाय ह्यात?’ हंबीरराव मोठ्यानं म्हणाले. चार लोक हसले.

‘माझंच कोरनं उथळ झालं, पावणं,’ मामा म्हणाले. ‘हात ऱ्हायला न्हाय आता.’

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी उघडलं नाही. उलट, होतं असं कधीकधी, अशी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

पत्रिका मग प्रेसमधून छापून घेतल्या. आठ दिवस मला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी मामांच्या घरी गेले. ते अंगणात बसले होते. पुढ्यातला ठसा त्यांनी रंधा मारून पाटासारखा सपाट केला होता. पायाशी सालपटांचा ढीग पडला होता.

‘लेकीला आठवन म्हनून परत कोरतोय, बाई. या टायमाला खोल.’

‘मामा, तुमचं कोरणं बरोबर होतं. मी शाईत तेल ओतलं, त्यानं रेघा बुजल्या. देवळात मला सगळं माहीत होतं, तरी गप्प बसले.’

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी रंधा खाली ठेवला, आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

‘म्हंजे हात चुकला न्हवता?’

‘नाही, मामा.’

‘अगं, ऐकलंस का!’ त्यांनी घरात बायकोला हाक मारली. ‘हात चुकला न्हवता माझा!’

माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही.