सुगंधाबाईंनी पाहिलेली शर्यत

मला खेळाचं वेड लागलं ते औदुंबरामुळे, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. अमळनेरला आमच्या घरामागे मैदान आहे आणि मैदानाच्या कडेला औदुंबर. रोज पहाटे एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या हा माझा नेम. सहा वर्षांपूर्वी त्याच वेळी एक मुलगी मैदानाला फेऱ्या मारू लागली. मी झाडाभोवती, ती मैदानाभोवती. महिनाभर आम्ही एकमेकींकडे नुसतं पाहिलं. मग एके दिवशी तीच थांबून म्हणाली, अक्का, माझ्या फेऱ्या मोजायला चुकतात, तुम्ही मोजाल का?

तीच ही ललिता. शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा समाजातली. इथे वसतिगृहात राहून शिकायची. पुढे ती पुण्याला शिबिरात गेली, राज्यात पहिली आली, आणि यंदा आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरसाठी तिची निवड झाली.

तिच्या नादाने मी टीव्हीवर धावण्याच्या शर्यती पाहू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. आपला खेळाडू पहिला आला तर तीच दहा सेकंदं दिवसभर दाखवतात. चौथा आला तर लगेच साबणाची जाहिरात. आणि जिंकलेली परकी मुलगी कोण, कुठली, तिने किती वर्षं घाम गाळला, याबद्दल एक शब्द नाही. मला ते पटायचं नाही. मी पोथीच्या वहीत मागच्या पानांवर सगळ्यांच्या वेळा लिहून ठेवते, आपल्यांच्याही आणि परक्यांच्याही. यजमान हसतात. म्हणतात, चित्रगुप्तही एवढं लिहीत नसेल.

शर्यतीच्या दिवशी दुपारी ललिताचे आईवडील आमच्याकडे आले. त्यांच्या पाड्यावर ना टीव्ही, ना धड नेटवर्क. करमसिंगभाऊ पांढरा सदरा घालून आले होते. सुगंधाबाईंनी मोहाच्या पानांत बांधून सीताफळं आणली होती. आल्या आल्या त्यांनी मला एकच सांगितलं. पोरीला त्यांनी रानात धावताना पाहिलं होतं, बकऱ्यांमागे धावताना पाहिलं होतं, पण शर्यतीत एकदाही नाही. प्रत्येक वेळी कुठे पेरणी, कुठे निंदणी, कुठे मजुरी आडवी आली. आज त्या सगळं टाकून आल्या होत्या.

शर्यत चारला होती. आम्ही सव्वातीनलाच टीव्हीपुढे बसलो. माझे यजमान तोतारामजी रिमोट घेऊन, सूनबाई मोहिनी मोबाइल घेऊन, आणि मी माळ घेऊन. चारला पाच कमी असताना खरोखरच मैदान दिसलं. चौदा मुली रेषेवर उभ्या होत्या आणि डावीकडून तिसरी आमची ललिता. सुगंधाबाई उठून टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. पिस्तूल वाजलं, मुली निघाल्या, पहिलं वळण आलं आणि चित्र बदललं.

पडद्यावर एक क्रिकेटपटू आला. कुठल्याशा हॉटेलात बसून तो सांगत होता की सकाळी नाश्त्याला त्याला पोहे आवडतात.

करमसिंगभाऊंना वाटलं, जाहिरात आहे, संपेल. पोहे संपले, मग सकाळच्या नेमबाजीतलं सुवर्णपदक आलं, तेच जे आम्ही जेवताना चारदा पाहिलं होतं. तोतारामजींनी रिमोट मांडीवर आपटून सगळे चॅनेल फिरवले. एका परक्या चॅनेलवर तेच मैदान दिसलं म्हणून आम्ही सरसावून बसलो, तर ते फक्त त्यांच्याच देशाच्या उंच उडीवाल्या मुलीला दाखवत होते. मागून धावणाऱ्यांचे पाय तेवढे गेले.

सुगंधाबाईंनी काचेवरचं बोट काढून घेतलं. परत येऊन सतरंजीवर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. ते मला पाहवेना.

मोहिनीला तेवढ्यात स्पर्धेची वेबसाइट सापडली. चित्र नव्हतं, पण प्रत्येक फेरीनंतर कोण कितवी आणि पुढचीपेक्षा किती सेकंद मागे, एवढं तिथे येत होतं. ती आकडे वाचू लागली. पण सुगंधाबाईंना आकड्यांतून पोरगी कशी दिसणार?

मग मला सुचलं ते आपल्या रोजच्या रीतीतलंच. देवाची मूर्ती नसली तर आपण काय करतो? पाटावर सुपारी मांडतो आणि तिलाच देव मानतो. मी देवघरातून सुपाऱ्यांची पिशवी आणि रांगोळीचा डबा आणला. फरशीवर मैदानासारखा लंबगोल काढला. चौदा सुपाऱ्या ओळीने मांडल्या. त्यांतल्या एका गोल, घाटदार सुपारीला कुंकू लावलं आणि सांगितलं, ही ललिता.

सुगंधाबाई पुढे सरकल्या. करमसिंगभाऊंनी डोक्यावरचा रुमाल काढून बाजूला ठेवला.

मोहिनी वाचायची, मी सुपाऱ्या सरकवायची. तिसरी फेरी, ललिता आठवी. चौथी फेरी, सातवी. पाचवी आणि सहावी फेरी, दोन्हींत सहावी. तोतारामजींनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः सुरू झाले. "आता पहा करमसिंगभाऊ, पोरगी दम राखून आहे." त्यांना पळण्यातलं काही कळत नाही, पण आवाज अगदी त्या टीव्हीवाल्यासारखा काढत होते. खोलीत हसू आलं.

सातव्या फेरीला मोहिनीचा आवाज खाली आला. ललिता नववी. आठवीपेक्षा सहा सेकंद मागे.

माझा हात सुपारीवर होता. सुगंधाबाईंचा चेहरा समोर होता, आत्ताच कुठे उजळलेला. मी इतर सुपाऱ्या सरकवल्या आणि कुंकवाची सहाव्या जागेवरच ठेवली. इतकंच नाही, बोटभर पुढेच ठेवली.

सुगंधाबाईंनी वाकून मोजलं. एकेका सुपारीवर बोट ठेवत मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं. घरी त्या पावरी बोलतात, पण बाजारात, एसटीत खान्देशी. माझ्याशी त्याच भाषेत बोलल्या, अगदी शांतपणे.

"नववी सांगं ना तिनी, अक्का. पोर मांगे शे ते मांगेच ठेवा. माले तिनं पयनं दखनं शे."

पोर मागे असेल तर मागेच ठेवा, मला तिचं पळणं पाहायचंय. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. या चातुर्मासात मी खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. तोंडाने बोलले नव्हते, हाताने बोलले. आणि इतकी वर्षं मी ज्या टीव्हीला नावं ठेवत आले, संधी मिळाल्यावर पहिल्या सात फेऱ्यांतच त्याच्याही पुढे गेले होते. मनातल्या मनात दत्ताची क्षमा मागितली, सुगंधाबाईंची तोंडाने मागितली, आणि कुंकवाची सुपारी उचलून नवव्या जागी, आठवीपासून चांगली चार बोटं मागे ठेवली.

"बठ्ठा आते बराबर," आता सगळं बरोबर, असं सुगंधाबाई म्हणाल्या, आणि मांडी घालून नीट बसल्या.

त्यानंतरचं काही खोटं नव्हतं, म्हणून त्यानंतरचं सगळं खरं गोड लागलं. आठव्या फेरीत चार बोटांची तीन झाली. नववीत दोन. दहाव्या फेरीला ललिताने आठवीला गाठलं तेव्हा सुपारी मी नाही, सुगंधाबाईंनी सरकवली. परकी सुपारी मागे पडली तेव्हा त्यांनी तिलाही हलकेच सरळ केलं, जणू पडलेल्या मुलीला उठवत होत्या. अकरावीत सातवी. बारावीत सहावी. तोतारामजी आता टीव्हीवाल्याचा आवाज विसरून नुसतेच "चाल बेटा, चाल बेटा" म्हणत होते. शेवटची अर्धी फेरी उरली आणि मोहिनीच्या मोबाइलवरचं चक्र फिरत राहिलं. मग तिने वाचलं, ललिता पाचवी, आणि तिची आजवरची सगळ्यांत चांगली वेळ.

करमसिंगभाऊंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. सुगंधाबाईंनी कुंकवाची सुपारी शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन ठेवली आणि तिच्यावरून बोटं ओवाळून स्वतःच्या कानशिलावर मोडली. टीव्हीवर खाली पट्टी सरकून गेली. पहिल्या तिघींची नुसती नावं. आमच्याकडे कोणी वाचलीही नाहीत. मी मात्र वहीत तिन्ही उतरवून घेतली.

दिवेलागणीला ललिताचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, डोळे सुजलेले. आम्हाला पाहताच म्हणाली, पदक नाही मिळालं, अक्का. आम्ही सगळे एकदम समजूत घालू लागलो. पाचवी म्हणजे काय थोडं का, पुढच्या वेळी नक्की, वगैरे. सुगंधाबाईंनी आम्हाला हाताने गप्प केलं, मोबाइल जवळ ओढला आणि पावरीत काहीतरी विचारलं. मला भाषा कळली नाही, पण त्यांनी सात बोटं दाखवली ती कळली.

ललिताचं रडणं थांबलं.

"अक्का, सातव्या फेरीचं आईला कसं कळलं? माझी शर्यत दाखवलीच नाही म्हणे."

मी उत्तर द्यायच्या आत सुगंधाबाईच म्हणाल्या, "मी दखं ना." मी पाहिलं ना, एवढंच.

मग ललिताने सांगितलं. सातव्या फेरीत मागच्या मुलीचा पाय तिच्या टाचेवर पडला, बूट अर्धा निघाला, तो थांबून चढवावा लागला. तिथल्या प्रशिक्षकांखेरीज हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून तर रडू येत होतं. बूट निघाला नसता तर, हे ती कोणाला सांगणार होती?

सुगंधाबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग त्या आम्हालाही कळेल अशा खान्देशीत सांगू लागल्या. आठवीत तू एवढी मागे होतीस, दहावीत त्या पोरीला गाठलंस, अकरावीत तिच्या पुढचीला. सांगताना एका हाताने फरशीवरच्या लंबगोलावरून बोट फिरवत होत्या. मोहिनीच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती आणि चार्जरची वायर तोकडी पडत होती, म्हणून तोतारामजी प्लगचं टोक भिंतीला दाबून वाकून उभे होते. तिकडे इतक्या लांब, परक्या देशात, ललिता हनुवटीला हात लावून आपलीच शर्यत आईकडून ऐकत होती. मध्येच तिने एकदा विचारलं, आणि शेवटच्या वळणावर? सुगंधाबाई हसल्या आणि पहिल्यापासून परत सांगू लागल्या.