तारांची टोकं

"कापलाय हा, मावशी. पकडीनं कापलाय. उगाच देवाची शपथ घेऊ नका," मनोज म्हणाला.

पूर्णा गावातल्या त्या गोदामात सकाळी घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. बेसिनखालचा, तारांच्या जाळीचा कनेक्शन पाइप पहाटे फुटला होता. खालच्या रांगेतले वह्यांचे खोके भिजून फुगले होते. मनोज तिथला सुपरवायझर. ठकुबाई अकरा वर्षं त्या गोदामाची साफसफाई करत होती. आदल्या दिवशी मनोजनं तिला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा ती रागानं बोलून गेली होती, "पानी लागू दे तुमच्या गोदामाला!" आणि पाणी लागलं. तिला कामावरून काढल्याचा कागद टेबलावर तयार होता. सही तेवढी बाकी होती.

"मी तोंडानं बोलले. हातानं न्हाय काय केलं," ठकुबाई म्हणाली.

नवा पाइप बसवायला कशेळीहून बाळाराम प्लंबर आला होता. साठी उलटलेला, सावकाश बोलणारा. त्यानं फुटलेला पाइप मनोजच्या हातातून घेतला.

"वहिनींना कशाला विचारतोस? ह्यालाच विचारू. हा माझ्याकडचा जुना पाइप आणि ही पकड. काप."

"मी कापू, काका?"

"तूच. कापलेला कसा दिसतो, ते कळू दे की."

मनोजनं दात आवळून पाइप कापला. बाळारामनं दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले, पिशवीतून भिंग काढलं आणि ठकुबाईपुढे धरलं.

"आधी तुम्ही बघा."

"मना काय कलतंय त्यातलं?"

"दिसतंय ना? दिसतं तेवढं सांगा."

ती वाकली. पाइपावरच्या जाळीच्या केसाएवढ्या तारा भिंगाखाली सुतळीसारख्या जाड झाल्या. "अगो बाय!" ती पुटपुटली. आपल्यावर आळ आहे, हे क्षणभर ती विसरलीच.

"ही मनोजनं कापलेली. इल्यानं कापलेली भाताची पेंढी असते ना, तशी. सगली टोकं एका रेघंत. चपटी, चकचकीत." मग भिंग सरकलं. "आन् ही फुटलेली. एक तार हितं तुटलीय, दुसरी तिकडं लांब. काली पडलेत. झिजलेली केरसुनी जशी."

"शाबास!" बाळारामचा चेहरा उजळला. त्यानं एक काळी तार नखानं वाकवली. ती आवाज न करता मोडली. "बघ, मनोज. हे एका दिवसाचं काम न्हाय. पहिली तार तुटून कित्येक महिने झाले असतील. तिचा भार बाकीच्यांनी घेतला. मग दुसरी गेली, तिसरी गेली. शेवटी दहा-वीस तारांनी वरच्या टाकीचा जोर पेलला होता. तुम्ही रोज त्याच बेसिनवर हात धूत होतात."

आता मनोज वाकला. त्याच्या खिशातला फोन वाजत राहिला, त्यानं काढला नाही.

"पण ही तार नुसत्या पाण्यानं अशी खाल्ली जात न्हाय," बाळाराम म्हणाला. "बेसिनखाली काय ठेवता?"

मनोजनं भिंग टेबलावर ठेवलं. ठकुबाईवरचा आळ तर गेला होता. तिनंही गप्प राहून बाटली हळूच हलवली असती, तर कोणाला काही कळलं नसतं.

"माझी ॲसिडची बाटली," ती म्हणाली. "बूच तुटलंय. चिंधी कोंबून ठेवते."

"तिची वाफ," बाळाराम हळूच म्हणाला.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं."

मग मनोजनं टेबलावरचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "ॲसिडच्या वाफेनं तारा खाल्ल्या. बाटली कोणाला दिसू नये म्हणून बेसिनखाली ठेवायला मीच सांगितलं होतं." खाली त्यानं सही केली.

बाळाराम नवा पाइप घेऊन बेसिनखाली शिरला. भिंग टेबलावरच राहिलं होतं. ठकुबाईनं ते उचललं आणि आपल्या बोटांवर धरलं. नखांच्या कडा पांढुरक्या, खाल्लेल्या. कातड्यावर बारीक चिरा, चिरांच्या आत आणखी चिरा. एकेक बोट तिनं नीट पाहिलं, घाई न करता.

"काय दिसतंय, वहिनी?" बेसिनखालून आवाज आला.

"काय न्हाय, दादा."

तिनं भिंग पदराच्या कोरड्या टोकानं पुसलं, बाळारामच्या पिशवीत ठेवलं आणि साडी खोचून ती पाण्यात उतरली.