शेळीच्या दुधाचा वास

माझ्या नातीचं, राखीचं लग्न अनसिंगला झालं, ते साल दोन हजार बावीस. मांडवात मला आणि माझ्या धाकट्या जावेला, वैजयंतीला, दोन खुर्च्या टाकून दिल्या होत्या. दोघींनाही उभं राहवत नव्हतं. पाहुण्याबाया पाया पडायला वाकत, आणि आम्ही बसल्या जागेवरून आशीर्वाद देत होतो. वैजयंती माझ्या कानात म्हणाली, "बाई, आपुन दोघी देव्हाऱ्यातल्या मूर्ती झालो पाहा. फक्त निवद तेवढा जास्त झाला." मला इतकं हसू आलं की खुर्ची करकरली.

लग्न पार पडल्यावर माझ्या मुलानं, विकासनं, आम्हा दोघींना वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, वजनामुळे सूज नुसती गुडघ्यात नाही, अंगभर आहे, ती रक्तात दिसते. वजन आणि सूज उतरली तर गुडघ्यांचं ऑपरेशन करता येईल, नाहीतर जोखीम आहे. गोळ्या दिल्या. तेल, बेसन, साखर कमी करा, थोडं चाला, आणि पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा असल्या भाज्या रोज खा, त्यानं सूज कमी व्हायला मदत होते, असं सांगितलं. औषध म्हणून नाही, जेवण म्हणून खा, हेही सांगितलं. ते सगळं कागदावर लिहून दिलं. घरी येऊन मी तो कागद वैजयंतीला वाचून दाखवला. मला वाचायला तिनंच शिकवलं होतं, माझी मुलं मोठी झाल्यावर, परातीत ज्वारीचं पीठ पसरून, माझं बोट धरून. त्यामुळे तिच्यासमोर वाचताना मला अजूनही परीक्षा दिल्यासारखं वाटायचं.

आमच्या सासूनं घरात एक पद्धत घालून दिली होती. नेम धरायचा तर दोन जावांनी जोडीनं धरायचा. एकीकडून मोडला तर पुढचा घास घ्यायच्या आधी तिनं दुसरीला सांगायचं. आणि सोडायचा तेव्हा दोघींनी एका ताटात जेवून सोडायचा. चातुर्मासात आम्ही असे कितीतरी नेम केले होते. हाही तसाच धरला. सूज उतरून दोघींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत रोज कोबी नाहीतर मुळा, आणि झुणका, भजी, गोड बंद. तुळशीपुढे हात जोडून धरला.

विहिरीजवळच्या तुकड्यात मी स्वतः वाफे लावून घेतले. हिवाळ्यात पत्ताकोबी चांगली भरली. रोज दुपारी मी टोपलीत एक गड्डा, पाल्यासकट मुळे, कधी फुलकोबी घेऊन काठी टेकत वैजयंतीच्या दारात जायचे. मध्ये एक गल्ली आहे फक्त, पण तेवढ्यातही मला दोनदा बसावं लागायचं. ती टोपली घ्यायची आणि म्हणायची, "ठेवा बाई, आत्ता चिरते." दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, कशी झाली होती? ती सांगायची, जिरं-मोहरी घातली होती, नाहीतर वाफेवर केली होती, तिच्या नवऱ्यानं, भागवतनंसुद्धा, मागून खाल्ली. मी खूश व्हायचे. कोबी मलाही आवडत नव्हती. पण ती खाते आहे म्हणून मी खात होते.

पुढच्या तपासणीत माझी सूज उतरलेली निघाली. वैजयंतीची वाढली होती. मला वाईट वाटलं. तिला मात्र मी परत येताना गाडीत गुणगुणताना ऐकलं. मला वाटलं, माझं मन राखायला. मी टोपलीत जास्त भाजी घालायला लागले, माझ्या वाट्याची फुलकोबीही तिला द्यायला लागले.

आमच्या चहाचं दूध तिच्या शेळीचं यायचं. संध्याकाळच्या दुधाला हिवाळाभर कसला तरी उग्र वास येत होता. मी सुनेवर, वर्षाराणीवर रागावले की भाजीचं गंज, तेच पातेलं, नीट न घासता दुधाला घेतेस. तिनं खाली मान घालून गंज पुन्हा घासून आणलं. वास गेला नाही. मी स्वतः राखेनं घासलं. तरी गेला नाही. मग एका संध्याकाळी चहाचा घोट तोंडात धरला आणि लक्षात आलं. तो कोबीचा वास होता. जनावर धार काढायच्या आधी जे खातं ते दुधात उतरतं, हे मला कुणी सांगायला नको.

मी कप तसाच ठेवून निघाले. वैजयंतीच्या मागच्या दाराला शेळी बांधलेली होती. तिच्यापुढे माझी दुपारची टोपली होती. मुळ्याचा पाला संपला होता, गड्डा अर्धा उरला होता.

वैजयंती दारात आली. मी विचारलं, "शेळीले काहून चारलं?"

"तिचे बी गुडघे दुखून राह्यले होते," ती म्हणाली. मग माझं तोंड पाहून तिचं हसू गेलं.

"पहिल्या दिवसापासून?"

तिनं उरलेला गड्डा शेळीपुढून उचलला. मग म्हणाली, "मायी माय ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती, बाई. मले नाई करायचं. सूज उतरली असती तर तुमी सगळ्यांनी मले उचलून नेलं असतं."

"मले सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं का?"

ऐकलं नसतं, हे खरं. पण मी जबरदस्ती करते म्हणून तिनं रोज मला जिऱ्या-मोहरीची फोडणी सांगावी, हे कुठल्या न्यायानं? न केलेल्या भाजीची चव ती मला सांगत होती, आणि मी ती चव मनात धरून माझी बेचव भाजी गिळत होते.

घरी येऊन सांगितलं तर कुणालाच नवल वाटलं नाही. तेव्हा कळलं, सगळ्यांना माहीत होतं. वर्षाराणीला, विकासला, भागवतला. भागवत तर पारावर सांगत असे की वहिनीची कोबी खाऊन आमची शेळी बारीक झाली. मी माझ्या मालकांना विचारलं, तुम्हालाही? इंद्रभान म्हणाले, "तुया जीव रमला होता, म्हनून बोललो नाई." चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कुणी परकं केलं नव्हतं.

मी दूध बंद केलं. टोपली नेणं बंद केलं. नेम माझा मी चालू ठेवला, कारण मी तो खरोखर धरला होता. पुढच्या दिवाळीनंतर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. हळूहळू काठी सुटली.

संक्रांतीला वैजयंती आली. तिला ती गल्ली ओलांडायला किती वेळ लागला असेल ते मला माहीत आहे. पदराखाली ताट होतं, झुणका, भाकर, तिळाची वडी. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, या. नेम सोडून टाकू."

मी म्हणाले, "तू धरलाच नव्हता. सोडतं काय?"

ती ताट झाकून, भिंतीला धरत निघून गेली. वर्षाराणी तिला पोचवायला उठली. मी उठले नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तिच्या जाण्याशी कोबी खाण्या-न खाण्याचा संबंध जोडू नका, हृदय आधीच थकलेलं होतं. मी जोडत नाही. ती गेली त्या सकाळी मी तिच्या दारी गेले, काठीशिवाय, गल्लीत एकदाही न बसता. मागच्या दारी शेळी ओरडत होती, तिची धार काढायची राहिली होती. मी बसून धार काढली. दुधाला कसलाही वास नव्हता.

झुणका मी अजून खात नाही. एका ताटात बसायला दुसरी लागते.

माझी जाऊ वैजयंती भागवत ही सोमवार, पाच फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी वारली.