भात निवला

“कोन अमर?” धोंडूबाईंनी विचारलं, आणि लेस्टरच्या हातातल्या काठ्या ड्रमवर तशाच थांबल्या.

गोखिवऱ्यातल्या लेस्टरच्या वेल्डिंगच्या गाळ्यात आम्ही भूपेशवर केलेलं गाणं त्याच्या आईला, धोंडूबाईंना, पहिल्यांदा ऐकवत होतो. तिसऱ्याच ओळीत मी ‘अमर’ घातला होता.

“काकी, म्हणजे तो आपल्या मनात...”

“मना नको शिकवू. मेला तो. मेला तं मेला म्हन.”

भूपेश आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्यावर घर चालत नाही, म्हणून तेलवाहू जहाजावर इंजिनाला वंगण घालणारा ऑइलर झाला. कुठल्या तरी दोन देशांचं युद्ध. कुणीतरी कुणावर तरी क्षेपणास्त्र सोडलं आणि ते भूपेशच्या इंजिनरूममध्ये येऊन पडलं. दोघांनीही हात वर केले. जूचंद्रला त्याच्या घरी सीलबंद शवपेटी आली. उघडायची नाही म्हणे! टीव्हीवाल्यांनी त्या माउलीला विचारलं, कसं वाटतंय? एकेकाच्या थोबाडीत द्यायला हवी होती.

“मी त्याला कशी हाक मारायची, ठाव हाय?” धोंडूबाई म्हणाल्या. “उठ मेल्या, भात निवला. रोज. जहाजावरून फोन आला तरी, जेवलास का मेल्या? आता तो शब्दच तोंडात येत नाय. गान्यात तो घाल. तुमी वरडा. माज्याच्यानं व्हत नाय.”

त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मग लेस्टरने बेस ड्रमवर पाय मारला. उठ मेल्या, भात निवला. पुन्हा मारला. उठ मेल्या, भात निवला. मी गाण्यातले सगळे दिवे, ज्योती आणि बलिदानं काढून फेकली. उरलं ते इतकंच: वीर नव्हता, ऑइलर होता, फडक्याने हात पुसत होता. गिटार मुद्दाम कर्कश ठेवली. भूपेशच्या बेसची जागा रिकामी सोडली.

हे गाणं वाजवायचं होतं त्या श्रद्धांजली सभेच्या बॅनरवर ‘वीरपुत्र भूपेश अमर रहे’ असं लिहिलं होतं. त्यावर आयोजक दादाचा फोटो भूपेशपेक्षा मोठा. आमची तालीम ऐकून दादाने आम्हाला स्टेजमागे गाठलं.

“ते मेल्या-बिल्या काय लावलंय? चार लोक येतात, शिव्या नकोत. जोश पाहिजे, जोश! बदला घेऊ, घुसून मारू, असं काहीतरी टाका ना.”

“कुणाला मारू?” लेस्टरने विचारलं.

“ते तुम्ही बघा रे. कलाकार तुम्ही.”

आम्ही होतं तेच वाजवलं. दुसऱ्यांदा ‘उठ मेल्या’ आलं आणि माइक गेला. पाठोपाठ गिटारचा आवाज गेला. दादाचा माणूस उपटलेली वायर हातात घेऊन निर्लज्जासारखा उभा होता. मी घसा फाडून ओरडलो, पण पहिल्या रांगेपलीकडे काही पोचलं नसणार.

ड्रमला मात्र वीज लागत नाही. दादाने थांबायची खूण केली तसा लेस्टर आणखी जोरात वाजवू लागला. एक काठी मोडली. मोडक्या टोकाने त्याची बोटं फाटली, तरी त्याचा हात थांबेना. पांढऱ्या ड्रमवर रक्ताचे शिंतोडे उडत होते. दादाच्या माणसांपैकी एकाचीही त्याच्याजवळ जायची हिंमत झाली नाही.

धोंडूबाई खुर्चीतून उठल्या आणि स्टेजच्या पायऱ्या चढल्या. दादा हार घेऊन पुढे झाला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारलं. जाऊन लेस्टरचं मनगट धरलं.

“पुरे रं मेल्या,” त्या म्हणाल्या. “हात फुटला बघ.”

बोलल्या आणि त्या स्वतःच दचकल्या. लेस्टरने मान खाली घातली, तो रडायला लागला होता. त्याच्या मुठीतली मोडकी काठी त्यांनी सोडवून घेतली, पदर त्याच्या बोटांना गुंडाळला आणि त्याला उठवलं.

“चल घरी,” त्या म्हणाल्या. “भात निवला.”