डावीकडची सीट

घोडपदेवच्या त्या गल्लीत बॉनेट उघडून आत डोकं खुपसलेली बाई दिसली की नवख्या माणसाची मान एकदा तरी वळतेच. गल्लीतल्यांची वळत नाही. दौलत मिस्त्री गेल्यापासून त्यांचा ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा त्यांची मुलगी रुपाली चालवते, आणि टॅक्सीवाल्यांपासून टेम्पोवाल्यांपर्यंत सगळे तिच्या तोंडाला घाबरून असतात. वायर जाळून आलेल्या मालकाला ती आधी झापते, मग गाडीला हात लावते.

त्या पंधरवड्यात मात्र तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. गाळ्यासमोर अनुजाची हिरवी जीप उभी होती आणि तिच्यात दुसरी बॅटरी बसत होती.

अनुजा दादरची, घरंदाज माणसांतली, पेशाने आर्किटेक्ट. काही वर्षांमागे हीच जीप भायखळ्याच्या पुलावर बंद पडली. कोणीतरी रुपालीला बोलावून आणलं आणि रुपालीने भर रस्त्यात तिला असं फैलावर घेतलं की बाईला रडावं की हसावं ते कळेना. ती हसली. तिथून दोघींचं जे गूळपीठ जमलं ते जमलंच. रविवार आला की कर्जतच्या पुढे कुठल्यातरी ओढ्यात, दगडांत, चिखलात जीप घालायची आणि अंगभर माती माखून परत यायचं. गाडी अनुजा चालवायची. डावीकडच्या सीटवर रुपाली.

ज्यांना हे वेड ठाऊक नाही त्यांना वाटतं, जो चालवतो तो शहाणा आणि शेजारचा नुसता वारा खातो. तसं अजिबात नसतं. चढावर चालवणारीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अडकलेले. गाडी रुतली तर विंचचा, म्हणजे गाडीला ओढून काढणाऱ्या यांत्रिक रहाटाचा, दोर ओढायचा, पुढचे दिवे लावायचे, मागचा दिवा लावायचा, टायरात हवा भरायचा पंप चालवायचा, हे सगळं डावीकडच्या माणसाने बघायचं. म्हणून बटणांची पट्टी रुपालीने डावीकडच्या दाराशी लावली होती, कारण रुपाली डावखुरी. आणि बटणांवर नावं नव्हती. एकाच्या डोक्याला दोरा गुंडाळलेला, एकावर काचेचा मणी चिकटवलेला, एकाला करवतीची खाच, एकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ही दौलत मिस्त्रींची पद्धत. ते म्हणायचे, अडचणीत माणूस वाचत बसत नाही, बोटांना कळलं पाहिजे. मणी म्हणजे मागचा दिवा. रुपाली तो न बघता दाबायची.

आता सावंतवाडीच्या बाजूला आठ दिवसांची स्पर्धा होती. डोंगर, नद्या, रानात मुक्काम. रुपालीचं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर. तिची आई सुभद्रा हे ऐकल्यापासून जमिनीवर नव्हती. "मी मामाक फोन केलंय," ती येईल त्याला सांगायची, "सगळी बघूक येतली. आमच्या चेडवाक, रुपालीक, गाडीत बसलेला बघूदे त्यांका." लहानपणी याच रुपालीला मामांनी "मुलीच्या जातीने स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा?" म्हणून हिणवलं होतं, ते सुभद्राच्या मनातून गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर रुपालीच्याही गेलं नव्हतं. तिला स्पर्धा जिंकायचीच होती असं नाही. त्या गावावरून, मामांच्या दारावरून, त्या सीटवर बसून एकदा जायचं होतं. तिने गाळा बंद राहील म्हणून पाटीसुद्धा लिहून ठेवली होती.

शनिवारी दुपारी अनुजा आली ती छापलेल्या पट्ट्या घेऊन. प्रत्येक बटणाचं नाव, इंग्रजीत, सुबक.

"रुपा, ही नावं लावून टाक ना. आणि बटणांची पट्टी डावीकडून काढून मधे घे."

"मधे? कशाला? माझा डावा हात मधे कसा पोचणार? आणि नावं कोणासाठी, माझ्या बोटांना काय वाचता येतं?"

"तपासणीत बघतात गं. नियम आहे त्यांचा."

नियम म्हटल्यावर रुपाली काय बोलणार? तिने तोंडातल्या तोंडात नियम करणाऱ्यांचा उद्धार केला आणि दाराशी नेलेल्या सगळ्या वायरी उपसून पुन्हा मधे आणल्या. रात्रीपर्यंत पाठ धरली. आपण लांबून म्हणू की बाई, इथेच तुला कळायला हवं होतं. पण ज्या माणसाबरोबर आपण चिखलात झोपलोय त्याचे शब्द कोणी उलटेपालटे करून बघत नाही. पट्ट्या तिने स्वतःच्या हाताने चिकटवल्या, अगदी सरळ रेषेत. दोरा आणि मणी मात्र काढले नाहीत.

रविवारी अनुजा आली तेव्हा तिच्याबरोबर विक्रांत होता. चांगला उंच, हसरा, बोलायला मऊ. "माझ्या ऑफिसमधला," अनुजा म्हणाली. "याला या सगळ्याची हौस आहे. जरा दाखव ना, कसं कसं आहे ते." आणि फोन आला म्हणून ती गल्लीच्या तोंडाशी गेली.

आता रुपालीला कोणी तिच्या कामाबद्दल विचारावं आणि तिने हात आखडता घ्यावा, हे होणे नाही. तिने विक्रांतला बॉनेटखाली वाकवलं.

"ही पहिली बॅटरी. ही घरच्यांची. हिने फक्त इंजिन सुरू करायचं. ही दुसरी, ही पाहुण्यांची. फ्रीज, पंप, रानातले दिवे, सगळे हिचंच खाणार. पाहुण्यांनी डबा रिकामा केला तरी सकाळी घरची चूल पेटली पाहिजे ना? म्हणून मधे हा डबा. गाडी चालू असली की दोघींना जोडतो, बंद केली की तोडतो. आणि यदाकदाचित पहिलीने मान टाकली, तर हे लाल बटण दाबून धरायचं. दुसरीचा जोर पहिलीला मिळतो, गाडी सुरू होते. झाली की लगेच सोडायचं."

विक्रांतने नीट ऐकलं. चांगले प्रश्न विचारले. तिने त्याला डावीकडच्या सीटवर बसवून बटणं दाबायला लावली; तो नावं वाचत उजव्या हाताने दाबत गेला. विंचचा दोर हातमोजे घालूनच का धरायचा ते सांगितलं. फ्यूज कुठे, जादा फ्यूज कुठे, कुठली वायर तापली तर काय करायचं. अनुजाला चढावर कुठे घाबरायला होतं, तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, हेसुद्धा ती बोलता बोलता बोलून गेली. "नुसतं 'आहे मी' म्हणायचं. जास्त बोललं की ती चिडते."

तेवढ्यात सुभद्रा पाहुण्यासाठी चहा घेऊन खाली आली. तिने कौतुकाने त्याला विचारलं, "तुमी पण येतात काय सावंतवाडीक, आमच्या रुपालीक बघूक?"

"बघायला नाही, काकू," विक्रांत हसत म्हणाला. "मी तर अनुजाच्या शेजारीच बसणार आहे. दोघांची नावं गेलीत ना परवा."

सुभद्राला आधी कळलंच नाही. ती हसतच राहिली. मग तिने रुपालीकडे बघितलं, आणि त्याच्यापुढे केलेला कप मागे घेतला. कोणी रुपालीबद्दल वाईट बोललं असतं, गाळ्यावर दगड मारला असता, तर तिला ते निभावून नेता आलं असतं. हे आईसमोर झालं होतं, आणि तिने स्वतः त्या माणसाला सीटवर बसवून सगळं शिकवलं होतं.

विक्रांतला दोघींचे चेहरे बघून काय ते उमगलं. तो खाली उतरला. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली की तुम्ही फक्त वायरिंग… मी नाही जात."

"तुम्ही कशाला पडता? तुम्ही सीट मागितली नाहीत. तिने दिली."

अनुजा फोन खिशात टाकत आली आणि जागच्या जागी थबकली.

"नियम होता ना तपासणीचा?" रुपाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि ज्यांना तिचा आवाज माहीत होता त्यांना त्याचीच भीती वाटली असती.

"रुपा, ऐक ना. मी सांगणारच होते."

"कधी?"

"काम झालं की."

तोंडातून गेल्यावर अनुजाला कळलं आपण काय बोललो ते. ती घाईने पुढे बोलत राहिली. टायर आणि तंबू देणाऱ्या लोकांशी विक्रांतची ओळख. रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर बोलायचं, तिथे कसं सगळं इंग्रजीत. "आणि तू आठ दिवस गाळा बंद ठेवणार, तुझं नुकसान. मी तुझाच विचार केला गं. गाडीच्या मागच्या काचेवर तुझ्या गाळ्याचं नाव लावते ना, मोठं. सगळे बघतील."

हे शेवटचं तिने खरोखर चांगल्या मनाने म्हटलं असावं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"काचेवर," रुपाली म्हणाली. "आत नाही, काचेवर. मी दुसरी बॅटरी आहे गं तुझी. गाडी अडली की लाल बटण दाबून मला जोडायचं, चालू झाली की सोडून द्यायचं. तू मला फोन करून म्हणाली असतीस, रुपा, या वेळी तू नाहीस, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी ह्याच वायरी ओढायला बसले असते. तू मला खोटं सांगून माझ्याच हाताने माझी जागा काढून घेतलीस. केसाने गळा कापलास."

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपालीला त्या पाण्याचाही राग आला. रडायची पाळी कोणाची आणि रडतंय कोण!

"आई, तू वर जा," ती म्हणाली. सुभद्रा हलली नाही.

काम तसं संपलं होतं. फक्त काम करताना सोडलेल्या पहिल्या बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरचा नट हातानेच फिरवून ठेवला होता, पान्याने आवळायचा राहिला होता. रुपाली पाना घेऊन वाकली आणि थांबली. तो तसाच सोडला असता तर मुंबईच्या रस्त्यांवर काही झालं नसतं. पहिल्या नदीपात्रात दगडांवर आदळता आदळता नट सुटला असता आणि सगळं ठप्प. तिला ते चित्र स्पष्ट दिसलं आणि मनापासून आवडलं. खोटं कशाला बोला, खूप आवडलं. मग तिने नट पूर्ण आवळला, ओढून बघितला, वर ग्रीस लावलं. यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. जीप मामांच्या गावात बंद पडली असती तर लोकांनी पहिल्यांदा वायरिंग कोणी केलं हेच विचारलं असतं.

बॉनेट लावून ती डावीकडच्या दारातून आत वाकली. बटणावरचा दोरा तिने उलगडला. ट्यूबचा तुकडा ओढून काढला. मणी नखाने खरवडून काढावा लागला, त्याच्याबरोबर थोडा रंगही आला. सगळं खिशात टाकलं.

"नावं आहेत," ती विक्रांतला म्हणाली. "वाचून दाबा."

अनुजाने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. रुपालीने तो सोडवून घेतला आणि कपड्याने बोटांचं ग्रीस पुसत गाळ्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. शेवटी अनुजा गाडीत बसली. विक्रांत उभाच होता. मग तिने काहीतरी म्हटलं आणि तोही मान खाली घालून डावीकडे बसला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

दिवेलागणीची वेळ होती. जीप कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या दिशेने निघाली, आणि गल्लीच्या टोकाशी आत कोणीतरी भलतंच बटण दाबलं. मागचा मोठा दिवा लागला. पांढराशुभ्र उजेड सगळ्या गल्लीभर पडला, भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पायरीवरच्या दोघी मायलेकींवर. हा दिवा रुपालीनेच बसवला होता, त्याची वायर तिनेच ओढली होती, पण तो मागून कसा दिसतो हे तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी ती आत असायची.

"बंद कर गो तो," सुभद्रा डोळ्यांवर हात घेत म्हणाली.

आणि रुपालीचा डावा हात आपोआप पुढे झाला, मणी शोधायला.