मुगातले चार थांबे

मित्रांनो, मी नीळकंठाची मादी आहे. माझा आवाज कर्कश आहे, आणि आज तो मी मुद्दाम गोड करणार नाही.

तारेवर नुसती बसले तर मी भुरकी दिसते. पंख उघडले की निळाई दिसते आणि माणसं थबकतात. गाणं मला येत नाही. उंचावर बसायचं, जमिनीवर नजर ठेवायची, टोळ नाहीतर अळी हलली की झेप घ्यायची, एवढंच माझं काम. ते मी चोख करते.

अंजनगाव सुर्जीजवळ रामरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाळका कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत चैत्रात माझी तीन पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. त्याच आठवड्यात रामरावांनी उन्हाळी मुगात चार पक्षीथांबे रोवले. उभी काठी, वर आडवी काडी. त्यावर आम्ही बसावं आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्या खाव्यात, म्हणून.

शेजारचे डोमाजी हसले. "रामराव, बुजगावण्याले मुंडकं लावाचं राह्यलं काय?"

"बुजगावणं हाकलते. मी तं पाट मांडला. पाखरायले जेवाले बोलावून राहिलो."

बोलावलं, म्हणून गेले. दहा दिवस मी आणि माझा जोडीदार उजाडल्यापासून त्या मुगात राबलो. थोरलं पिल्लू सगळ्यांत दांडगं. धाकट्यांना रेटून ढोलीच्या तोंडाशी यायचं; पहिला घास त्याचाच.

अकराव्या दिवशी मी नाल्यापलीकडून परतले, तर अळ्या पानांवर सुस्त पडलेल्या. पळत नव्हत्या, अंग आखडत नव्हत्या. सावली हलली तरी दचकणारी मी, त्या दिवशी फसले. आयतं मिळालं म्हणून चोच भरून नेलं. रामराव सकाळीच पाठीवर पंप घेऊन फवारून गेले होते. थांबे मात्र तसेच उभे.

दुपारी थोरल्याने मान टाकली आणि ते ढोलीतून खाली पडलं.

रामरावांच्या बायकोने, लीलाबाईंनी, ते उचललं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"पाट तुमी मांडला. मंग ताटात जहर कावून वाढलं?"

"अळी आवरत नव्हती व. फवारलं."

"फवारा ना. पण पहिले थांबे उपटाचे होते. सोयरे बोलावले अन् वरण नासलं, तं तसंच वाढता काय?"

रामरावांनी चारही थांबे उपटले. माझं पिल्लू गेल्यावर.

मी पुन्हा त्या मुगाकडे फिरकले नाही. नाल्यापलीकडच्या पडीक गवतातून एकेक टोळ आणला. दर खेपेला आधी ढोलीत डोकावून दोघांची छाती हलते का ते पाहायचं, मग घास द्यायचा. दोघं जगली.

दसऱ्याला रामराव नात प्रणालीला घेऊन धुऱ्यावर आले. नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. मी तारेवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

तुमचं वर्ष चांगलं जातं हो. आमचं? मित्रांनो, मला हात जोडू नका. घरी शेत असेल तर मोठ्यांना एवढंच सांगा, फवारायच्या आधी थांबे उपटा. मला बोलावलंच नाही, तरी चालतं.

"आबाजी, हे तं भुरकं हाय," प्रणाली म्हणाली.

"उडालं का निळं दिसते. थांब."

दोघं बराच वेळ मान वर करून उभे होते. मी पंख उघडले नाहीत.