निळा वर, लाल खाली

मी झेंडा बोलतोय, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. मी फिलिपिन्सचा. सध्या मुक्काम अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी, एका कपाटाच्या वरच्या फळीवर.

माझा जन्म इलोइलो शहरातल्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. वरचा पट्टा निळा, खालचा लाल, डाव्या बाजूला पांढरा त्रिकोण आणि त्यात एक सूर्य, तीन तारे. सूर्याचे किरण शिंप्याच्या बायकोनं हातानं भरले. ती भरताना सारखी शेजारणीच्या कागाळ्या सांगायची. देशभक्ती वगैरे त्या दुकानात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

लिगाया नावाच्या नर्सनं मला विकत घेतलं आणि अमेरिकेला येताना बॅगेच्या तळाशी ठेवलं, सुक्या मासळीच्या पुड्याखाली. तो वास जायला चार वर्षं लागली. पुढे तिनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. शपथ घेऊन आली, मला कपाटातून काढलं, इस्त्री केली आणि पुन्हा ठेवून दिलं. मला वाटलं होतं आता आपली रवानगी अडगळीत. तसं काही झालं नाही. माणसांना दोन घरं असली की दोन्हीकडे झाडू मारावा लागतो, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

ती इथल्या मतदान केंद्रावर दर निवडणुकीला कामाला जाते. तिथेच तिची गिरिजाशी ओळख झाली. गिरिजा मूळची नागपूरची, चार घरं सोडून राहते. दिवसभर शेजारी बसून मतदारयाद्या तपासणाऱ्या दोन बायकांची मैत्री न झाली तरच नवल. गिरिजा तिला लिगायाताई म्हणते आणि गिरिजाची मुलगी सलोनी मावशी म्हणते. बोलतात सगळ्या इंग्रजीतच, मी तुम्हाला मराठीत सांगतोय.

बारा जून हा आमचा स्वातंत्र्यदिन. गेल्या वर्षी फिलिपिनो मंडळानं सकाळीच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. लिगायाचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. मंडळातले सगळ्यांत वयस्क गृहस्थ इसिद्रो, वय एकोणनव्वद, आजारपणामुळे वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. त्यांना एकदा, कदाचित शेवटचं, माझ्यापुढे उभं राहायचं होतं.

लिगाया त्यांना आणायला गेली आणि मला लावायचं काम गिरिजावर सोपवून गेली.

गिरिजा शिडीवर चढली. खाली सलोनी शिडी धरून उभी.

"मॉम, जस्ट गूगल इट वन्स," ती म्हणाली.

"अगं, त्यात काय गूगल करायचं? आपला भगवा वर असतो ना, मग ह्यांचा लाल वरच असणार."

आणि तिनं मला लाल पट्टा वर करून पक्का लावला. माझा सूर्य दोन्हीकडून सारखाच दिसतो, त्यामुळे तोही माझ्या मदतीला आला नाही. आता तुम्हाला सांगायला हवं. निळा वर असला की आमचा देश शांततेत आहे. लाल वर केला की युद्ध सुरू आहे. असा नियम असलेले झेंडे जगात फारसे नाहीत, म्हणून गिरिजाला दोष द्यायला माझं मन होत नाही.

लोक येऊ लागले. पाहिलं प्रत्येकानं, बोललं कुणी नाही. आमच्याकडे याला हिया म्हणतात. तुमच्या भाषेत भीड म्हणा, लाज म्हणा. चारचौघांत परक्याची मान खाली जाईल असं काही बोलायचं नाही. सगळे नूडल्सच्या परातीभोवती घोटाळत राहिले. मला त्यांचा थोडा रागच आला.

मग लिगाया इसिद्रोंची चाकाची खुर्ची ढकलत आत आली. म्हातारा उठून उभा राहिला, छातीकडे हात नेला आणि थांबला.

"कुणाशी युद्ध सुरू झालंय?" त्यांनी विचारलं.

"माझी चूक, लोलो," लिगाया म्हणाली. लोलो म्हणजे आजोबा. "गडबडीत मीच लावला सकाळी."

धडधडीत खोटं. गिरिजा गोंधळून बघत होती. एवढ्यात सलोनीनं फोन तिच्यापुढे धरला. गिरिजानं वाचलं. तिचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती तरी चाललं असतं, मैत्रिणीनं तिला झाकलंच होतं.

"त्यांनी नाही, मी लावला," ती पुढे होऊन म्हणाली. "मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. सॉरी, काका."

आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली. म्हाताऱ्यानं आमच्या रीतीप्रमाणे हात पुढे केला. आमच्याकडे थोरांचा हात कपाळाला लावतात. तिचं कपाळ आपसूक त्या हातावर टेकलं.

"मी सहा वर्षांचा होतो," इसिद्रो म्हणाले. "जपानी आले तेव्हा माझ्या वडिलांनी शाळेवरचा झेंडा असाच लाल वर करून लावला. ते शिक्षक होते. त्याच आठवड्यात ते लढायला गेले, आम्ही डोंगरात पळालो. वडील आले नाहीत. शाळाही जळाली."

गिरिजा रडत होती. मला रडू येत नाही, पण त्या वेळी आलं असतं.

"मी लगेच उतरवते."

"थांब. मला जवळ ने."

गिरिजानं मला काढलं. एक टोक तिनं धरलं, एक त्यांनी. दोघांनी मिळून मला उलटवलं, मग तिनं शिडीवर चढून निळा वर करून लावलं.

इसिद्रोंनी माझ्याकडे बघत छातीवर हात ठेवला. "तो झेंडा परत फिरवताना मी कधी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "आज पाहिला."

थंडीत ते गेले. मी त्या कार्यक्रमापासून घडी होऊन इथे आहे, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं.

कधी कुठे माझा लाल पट्टा वर दिसला तर भिडेखातर गप्प बसू नका, जवळ जाऊन विचारा. चूक असेल तर एक शिडी पुरते. चूक नसेल, खरंच युद्ध असेल, तर ते संपल्यावर मला परत फिरवायला कुणीतरी मागे उरलेलं असावं, एवढंच मागणं.